पु. ल. आणि वर्गातले हसू

वर्गात पिकणारा हशा दोन प्रकारचा असतो, हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असते. एका हशात सारा वर्ग सामील होतो आणि तो ओसरला की पुढचा धडा अधिक मोकळेपणाने चालतो. दुसऱ्या हशात एक मूल सोडून बाकी सारे हसतात. ते मूल मान खाली घालते आणि पुढे कित्येक दिवस, प्रसंगी कित्येक वर्षे, वर्गात तोंड उघडीत नाही. घोगरा झालेला आवाज, आखूड पडू लागलेली विजार, चुकलेला उच्चार, फळ्यासमोर अडलेले गणित, हे वाढत्या वयातील फजितीचे विषय दोन्हीकडे तेच असतात. फरक असतो तो हसणाऱ्यांच्या मनात. हा फरक ज्याला नेमका उमगला आणि ज्याने पहिल्या प्रकारच्या हशावर आपले सारे कर्तृत्व उभे केले, असा माणूस मराठीत होऊन गेला. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांना जाऊन आता पाव शतक उलटले आहे. त्यांच्या कोट्या अजून लोकांच्या तोंडी आहेत. परंतु नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील शाळांनी त्यांच्या चरित्रातून घ्यावी अशी गोष्ट कोट्यांहून निराळी आहे, आणि ती घेण्याची निकड येथे इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा अधिक आहे.

दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. बालपण आधी जोगेश्वरीस व पुढे विलेपार्ल्यास गेले, आणि शालेय शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. वडील लक्ष्मणराव कागदाच्या एका कंपनीत फिरते विक्रेते होते. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लेखन करीत. आपल्या सणांचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक जुन्या पिढीतील वाचकांना परिचित असेल. नातू पाच वर्षांचा असताना या आजोबांनी त्याला दहा ओळींचे भाषण लिहून दिले आणि त्याने ते शाळेत हावभावांसह म्हणून दाखवले. पु. लं.च्या वक्तृत्वाचा प्रारंभ हा असा दुसऱ्याच्या शब्दांनी झाला.

या घटनेचे आपल्याला कौतुक वाटते, पण तिच्यात वाढत्या वयाची एक मूलभूत अडचणही दडलेली आहे. लहान मुलाला बोलायला लावणारे पुष्कळ असतात. त्याने काय बोलावे हे मात्र मोठेच ठरवितात. मग केव्हातरी त्याला स्वतःचे काही सांगावेसे वाटू लागते आणि तेव्हा त्याच्याजवळ शब्द नसतात. दुसऱ्यांचे शब्द अंगावर घातले तर ते थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखे ढगळ होतात. ही अवघड अवस्था पु. लं.नी पुढे आपल्या कथनाचा विषय केली.

घरची परिस्थिती मध्यमवर्गीय, त्यामुळे तरुणपण सुखासीन गेले नाही. इस्माइल युसुफ महाविद्यालय, पुण्याचे फर्गसन, कायद्याचे शिक्षण आणि काही वर्षांनी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून एम. ए. असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास तुकड्यातुकड्यांनी झाला. मधल्या काळात त्यांनी कचेरीत कारकुनी केली, गाण्याच्या शिकवण्या केल्या, मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात मास्तरकी केली. तेथेच सुनीता ठाकूर यांची गाठ पडली आणि १२ जून १९४६ रोजी नोंदणी पद्धतीने, कसलाही थाटमाट न करता, त्यांचा विवाह झाला. पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली. कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी या तिन्ही भूमिकांतून ते स्वतः गेले होते. या तिघांना ते आपले वाटले, याचे निम्मे कारण एवढ्यात सापडते.

उरलेले निम्मे कारण त्यांच्या पेटीत आहे. लहान वयात त्यांनी हार्मोनियमचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि थोर गायकांच्या गाण्यात ते आयुष्यभर रमले. गायकाचा श्वास कोठे संपतो, तो कोठे थांबतो, आपण कधी वाजवावे आणि कधी हात आवरता घ्यावा, हे साथीदाराला क्षणाक्षणाला जोखावे लागते. कथा सांगणाऱ्यालाही श्रोत्यांच्या बाबतीत तेच करावे लागते. पु. लं.चे कथन ऐकताना विनोद शब्दांत जेवढा असतो तेवढाच शब्दांमधल्या विरामात असतो, असे जाणवते.

सबंध सभागृहाची मॅट्रिक

१९५३ साली ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शन व संगीत पु. लं.चे होते आणि नायकाचे कामही त्यांनीच केले होते. हा नायक भाबडा, स्वप्नाळू, जगाच्या व्यवहारात पदोपदी अडखळणारा तरुण आहे. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनचा प्रारंभ झाला, त्या आरंभकाळातील निर्मात्यांमध्येही ते होते. रेडिओने त्यांना आवाजावर विसंबून राहण्याची सवय लावली असली पाहिजे. कारण १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ घेऊन ते रंगमंचावर आले, तेव्हा त्यांच्यासोबत दुसरा नट नव्हता आणि वेषभूषेचा सरंजामही नव्हता. एका माणसाने अवघी चाळ उभी करावी आणि दोन-तीन तास सभागृहाने तिच्यात राहून यावे, असा हा प्रकार होता. कीर्तनकाराला हे नवे नव्हते. आख्यान लावताना तोही एकटाच राजा होतो आणि विदूषकही होतो. पु. लं.नी ती जुनी कला देवळातून नाट्यगृहात आणली आणि पुराणातील पात्रांच्या जागी आपल्या शेजाऱ्यांना उभे केले.

‘असा मी असामी’ हे तर एका सामान्य कारकुनाचे आत्मचरित्र. ज्याच्या आयुष्यात चरित्र लिहावे असे काही घडलेले नाही, त्याने ते भर सभेत सांगावे, ही कल्पनाच मुळी विलक्षण होती. धोतराकडून पाटलोणीकडे जाताना होणारी त्रेधा, लग्नातला संकोच, साहेबापुढचे अवघडलेपण, स्वतःच्या मुलांपुढे आपण जुने ठरत चाललो आहोत ही जाणीव, या साऱ्यांतून धोंडोपंत जोशी जातो. वाढण्याचे अवघडलेपण विसाव्या वर्षी संपत नाही, ते नवनव्या रूपांत माणसाची सोबत करते, हे त्या हशामागचे सत्य आहे.

‘बिगरी ते मॅट्रिक’ हा ‘हसवणूक’ या १९६८ सालच्या संग्रहातील लेख त्यांच्या तोंडून असंख्य लोकांनी ऐकला. बिगरी म्हणजे शाळेचा अगदी पहिला वर्ग. तेथून मॅट्रिकपर्यंतच्या या प्रवासात पराक्रम कोठेच नाही. भूमितीचे भय आहे, इतिहासातील सनावळ्यांचा गोंधळ आहे, मास्तरांच्या लकबी आहेत आणि जेमतेम पुढच्या इयत्तेत सरकणारी मुले आहेत.

याचे महत्त्व नंदुरबारकरांना विशेष कळावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या शहरात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. येथील प्रत्येक मूल ही कथा ऐकत मोठे होते आणि तसेच व्हायला हवे. परंतु शालेय पुस्तकांत मूल येते ते बहुधा शूर म्हणून, आज्ञाधारक म्हणून किंवा कुशाग्र म्हणून. यांपैकी काहीच नसलेले मूल, जे प्रत्येक वर्गात बहुसंख्येने असते, त्याला आपले प्रतिबिंब त्या पुस्तकांत क्वचितच दिसते. पु. लं.नी मराठीच्या दरबारात या मधल्या बाकावरच्या मुलाला जागा दिली. शूरांच्या कथा मुलाला मान वर करायला शिकवतात. मधल्या बाकाची कथा त्याला एवढेच सांगते की तू एकटा नाहीस. वाढत्या वयात दोन्हींची गरज असते.

हे काम प्रत्यक्ष कथनाने जसे साधते तसे छापील पुस्तकाने साधत नाही. फजितीची आठवण माणूस एकट्याने बाळगतो आणि तिचा सल एकटेपणातच वाढतो. पुस्तक वाचतानाही माणूस एकटाच असतो. सभागृहात मात्र शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी गृहस्थ आपल्यासारख्याच क्षणी हसतो, पुढच्या रांगेतील हेडमास्तर डोळे पुसतात, आणि आपली गुप्त नामुष्की ही साऱ्यांची सामाईक मालमत्ता होती, असा एकाएकी उलगडा होतो. त्या क्षणी तिचा काटा निघतो. पु. लं.नी यासाठी एक पथ्य पाळले. हशाचा पहिला धनी त्यांनी स्वतःला किंवा आपल्यासारख्याच निवेदकाला केले. इतरांची पाळी नंतर आली, आणि तीही बहुधा मायेने आली. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील चितळे मास्तर आठवावेत. त्यांच्या लकबींवर आपण मनमुराद हसतो, आणि अखेरीस त्यांच्या झिजलेल्या वहाणा पाहून गप्प होतो.

गटणे आणि धडगावचे मूल

याच पुस्तकात सखाराम गटणे आहे. वाढत्या वयातील अवघडलेपणाचे याहून नेमके चित्र मराठीत शोधून सापडणे कठीण. हा मुलगा अफाट वाचतो आणि जे वाचतो तेच बोलतो. त्याची वाक्ये छापखान्यातून निघाल्यासारखी असतात. घरगुती बोलणे त्याला जमतच नाही. दहा ओळींचे तयार भाषण म्हणणारे पाच वर्षांचे मूल वयात येऊनही तसेच राहिले तर काय होईल, याचे उत्तर जणू गटणे आहे. त्याला ऐकताना आपण हसतो, कारण घरची मराठी अंगणात उपलब्ध असताना तो पुस्तकातली पांघरून हिंडतो.

आता हा गटणे नंदुरबार जिल्ह्यात आणून पाहावा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. घराघरांतून भिल्ली, मावची, पावरी, देहवाली बोलली जाते. सखल भागात अहिराणी आणि गुजरी चालते. शहरात गुजरातीही कानी पडते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरचे मूल वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत येते. त्याला मराठी भेटते ती पुस्तकातून आणि शिक्षकांच्या तोंडून. दहावीपर्यंत ते जी मराठी बोलू लागते ती गटणेसारखी, छापील वळणाची असते, कारण दुसरी मराठी त्याला कोणी दिलेलीच नसते. गटणेची भाषा त्याच्या हौसेची होती. या मुलाची नाइलाजाची आहे. त्याच्या बोलण्याला शहरातील महाविद्यालयात जो हशा मिळतो तो पु. लं.चा हशा नव्हे. तो लेखाच्या आरंभी सांगितलेला दुसरा हशा होय.

अहिराणी बोलणाऱ्या मुलाची गत थोडी बरी असते, तरी फार वेगळी नसते. उत्तर देताना ‘माझे’ऐवजी ‘मना’ किंवा ‘आहे’ऐवजी ‘शे’ निसटले की वर्ग खिदळतो. शिक्षक चूक दुरुस्त करतात, आणि ते त्यांचे कामच आहे. परंतु चूक दुरुस्त करणे आणि घरच्या भाषेला चूक ठरविणे यांमधली रेघ फार बारीक असते. ती ओलांडली गेली की मूल त्या दिवसापुरते आपले घरच लपवू लागते. तहसील कचेरीच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या प्रौढाच्या मराठीला जे हसू मिळते, ते याच हशाचे पुढचे रूप आहे.

पु. लं.चे जग गिरगाव-पार्ल्याचे, पांढरपेशांचे होते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. त्यांच्या सभागृहातील हशाला काही समान संदर्भ लागत, आणि ते संदर्भ सर्वांजवळ नव्हते. परंतु ही मर्यादा त्यांनी स्वतः कधी अभिमानाने मिरवली नाही. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले तेव्हा त्याचे अंतःकरणापासून स्वागत करणाऱ्यांमध्ये पु. ल. होते. तेही वाढत्या वयाचेच कथन होते. मात्र त्यातील अवघडलेपणाला हसून मोकळे होण्याची वाट समाजाने ठेवलेली नव्हती. आपण ज्या बालपणावर हसवले त्याच्या शेजारी, त्याच मुंबईत, असेही बालपण होते, हे त्यांनी जाणले आणि मान्य केले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पन्नाशीच्या सुमारास, कीर्तीच्या शिखरावर असताना, ते बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. महाराष्ट्रातील सर्वांत हजरजबाबी म्हणून गाजलेला माणूस परक्या भाषेत पुन्हा बिगरीत बसला. ‘वंगचित्रे’ त्या वास्तव्यातून झाले. दुसऱ्याच्या भाषेत अडखळणे ही काय चीज आहे, हे त्यांनी आपण होऊन अनुभवले. आश्रमशाळेतील मुलाला मराठीत अडखळताना पाहून ज्यांना हसू येते, त्यांनी एकदा पावरीत चार वाक्ये बोलून पाहावीत. हा प्रयोग शिक्षकांच्या प्रशिक्षणात ठेवण्याजोगा आहे.

आपल्या फजितीचे आपण कथेकरी

या जिल्ह्यात हसवणाऱ्यांचा तोटा आहे असे कोणी म्हणू नये. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात आणि सोंगाड्याला अजून गर्दी लोटते. काठीच्या होळीत बुध्यांची सोंगे रात्रभर नाचतात. मोबाइलवर अहिराणीतील विनोदी चित्रफिती घरोघर पाहिल्या जातात. मोठ्या शहरांत तरुण मुले-मुली रंगमंचावर एकट्याने उभी राहून आपल्या शाळेच्या, घराच्या, रूपारंगाच्या गोष्टी सांगतात आणि तिकीट काढून आलेले लोक त्यांना हसून दाद देतात, पु. लं.च्या एकपात्री कथनाशी त्याचे नाते उघड आहे. मग उणीव आहे ती कशाची? येथील शाळेत शिकून मोठ्या झालेल्या माणसाने आपल्या वाढण्याची गोष्ट आपल्या भाषेत, आपल्याच मुलांसमोर उभे राहून सांगण्याची. वाहरू सोनवणे यांनी भिल्ली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिली. आपले दुःख दुसऱ्यांनी व्यासपीठावरून आपल्यालाच सांगावे, ही आदिवासींची व्यथा त्यांनी मांडली. दुःखाच्या बाबतीत जे खरे, ते हसण्याच्या बाबतीतही खरे आहे. आपल्या फजितीचा कथेकरीही आपणच असायला हवे.

यासाठी अनुदान लागत नाही, परिपत्रकाचीही वाट पाहावी लागत नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात नाच-गाण्यांबरोबर एक तास कथनाचा ठेवावा. त्याचे नियम पु. लं.च्या पथ्यावरून सहज ठरतात. सांगणाऱ्याने फक्त स्वतःची फजिती सांगावी. दुसऱ्याचे नाव, जात, रूप, भाषा यांना हात लावू नये. भाषा घरची असावी. ज्यांना ती कळणार नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावे, आणि त्या दिवसापुरती अवघडण्याची पाळी त्यांची असू द्यावी. प्रारंभ शिक्षकाने करावा, ही सर्वांत महत्त्वाची अट. गणिताचे गुरुजी आपण सातवीत कसे नापास झालो हे सांगू लागले की त्या शाळेतील नापासाची दहशत निम्म्याने उतरेल. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आपली घरापासून दूर काढलेली पहिली रात्र सांगितली, तर उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या मुलाला आपण भित्रे नाही हे कळेल. अर्थात काही गोष्टींवर हसता येणार नाही. उपाशी राहिल्याची, मार खाल्ल्याची, अपमानाची गोष्ट कोणी सांगू लागले तर ती शांतपणे ऐकावी. ‘बलुतं’ पुढे आले तेव्हा पु. लं.नी तेच केले.

पु. लं.नी रंगभूमीवरील आपले प्रयोग लोकप्रियता ओसरण्याची वाट न पाहता थांबवले. लेखन आणि प्रयोग यांतून मिळालेल्या पैशाचा मोठा वाटा सुनीताबाईंच्या साथीने त्यांनी सार्वजनिक कामांना दिला. पुण्याचे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र त्यांच्या देणगीने उभे राहिले. १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९७७ च्या निवडणुकीत, ज्यांच्यावर हसणे धोक्याचे होते त्यांच्यावर त्यांनी जाहीर सभांतून हसून दाखवले. १२ जून २००० रोजी, विवाहाला ५४ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ध्वनिफिती अजून वाजतात आणि वाजत राहतील. आश्रमशाळेतील मुलांनाही त्या जरूर ऐकवाव्यात. मात्र तेवढ्यावर थांबले तर आपण त्या मुलांच्या हाती पुन्हा एकदा दुसऱ्याने लिहून दिलेले भाषणच ठेवू. ध्वनिफीत संपल्यावर गुरुजींनी खुर्ची पुढे ओढून बसावे, आपली गोष्ट सांगावी आणि मग शेवटच्या बाकावरील मुलाकडे पाहून त्याची गोष्ट त्याच्या भाषेत विचारावी. पहिल्या दिवशी तो कदाचित बोलणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.